नऊ जणांचे कपडे

रविवारी, शनीची गर्दी ओसरली की,
गुरुक्कल देवळाच्या मागच्या दारात गाठोडं ठेवतात
आणि मी ते डोक्यावर घेऊन अरसलारच्या पाण्यावर जाते.
नऊ वस्त्रं. दीड-दीड हाताची,
लहान मुलांच्या धोतरांसारखी.

सूर्याचं तांबडं, मंगळाचंही तांबडं,
पण मंगळाचं रंग सोडतं, त्याला वेगळं पाणी.
गुरूच्या पिवळ्यावर हरभऱ्याच्या माळेचे डाग.
बुधाचं हिरवं विरलंय, नवं कोणी देत नाही,
बुधाला भीतं कोण?
शनीची मात्र आठवड्याला चार येतात.
काळी, तिळाच्या तेलानं जड,
दगडावर आपटली की पायाशी
पाण्याची रात्र होते.

सासू सांगून गेली:
काळं शेवटी.
आणि चंद्राचं पांढरं नेहमी धारेच्या वरच्या अंगाला.

ते नऊ जण एका ओट्यावर उभे आहेत,
कोणी कोणाकडे बघत नाही.
लहानपणी मी विचारलं होतं, भांडलेत का?
मी आत जात नाही. आता जाऊ नको असं कोणी म्हणत नाही,
पण पाय जात नाहीत.
कपडे जातात.

माझं नाव करुप्पायी. म्हणजे काळी.
नवरा वेळ्ळैसामी, म्हणजे पांढरा देव,
आणि तो तिरुप्पूरला रंगाच्या कारखान्यात आहे,
कोपरापर्यंत निळा.
पोंगलला येतो तेव्हा
त्यानं धरलेल्या पेल्यातलं दूध मी बघत राहते.
तीन कोसांवर राहूच्या देवळात
दूध निळं होतं म्हणून लोक रांगा लावतात.
मला रांग लावावी लागत नाही.

लग्नाच्या वेळी जोशी म्हणाला होता, दहातली सहा जुळतात,
रज्जू जुळत नाही.
वडील म्हणाले, दोरीचंच काय ते,
आम्हां परटांकडे दोऱ्या पुष्कळ.
मग साडेसाती लागली. त्याला की मला,
ते जोशानं नीट सांगितलं नाही.
सात वर्षं झाली. वरचे सहा महिने
मोजायला घेतले की बोटं ओली असतात.

परवा चुकले.
त्याचा फोन आला, मी हात पुसून उभी राहिले,
आणि शनीचं वस्त्र दगडावरून घसरून
चंद्राच्या वरच्या अंगाला गेलं.
फोन ठेवून बघते तो
पांढऱ्याच्या काठावर राखेचा एक लांब हात.
लिंबू चोळलं. नीळ घातली.
उन्हात टाकलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा टाकलं.
तो हात थोडा फिका झाला, इतकंच.

गुरुक्कलांपुढे धरलं तेव्हा माझे दात वाजत होते.
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.
म्हणाले, घडी अशी घाल, डाग पाठीकडे जाईल.
आणि आत निघून गेले.

सोमवारी दारातून पाहिलं.
चंद्र नेहमीसारखा, तोंड फिरवून.
पुढून स्वच्छ.
तेव्हा वाटलं, हे बाराही महिने असे उभे,
नजरेला नजर नाही,
आणि शनिवारची रात्रभर माझ्या गाठोड्यात
ओले, चुरगळलेले, एकमेकांत पाय अडकून
कसे झोपत असतील.
त्यांची ती कुंडली
जोशानं कुठे पाहिली आहे?

रात्री त्याला सगळं सांगितलं.
मला वाटलं हसेल, नाहीतर रागावेल.
तो रंगाऱ्यासारखा विचारायला लागला:
पाणी गार होतं का कोमट?
काळं किती जुनं? तेल होतं त्यात?
होतं, म्हटलं. तिळाचं.
पलीकडे यंत्राचा आवाज, मग तोही थांबला.

मग नको घासू, म्हणाला,
पक्का बसलाय तो.